बत्तिसावी पुडी

ही साक्ष मी एकदा मंडळीपुढे उभी राहून दिली आहे, पण खरं सांगायचं तर तेव्हा ती अर्धीच दिली. प्रभूने लेकरं कशी राखली तेवढं सांगितलं. बायकांनी पदराने डोळे टिपले, पाळकसाहेबांनी आभाराची प्रार्थना केली आणि मी खाली बसले. डब्याची गोष्ट मात्र मी गिळून टाकली. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हाचे बरेचजण प्रभूकडे गेले, माझंही वय झालं, आणि वय झालं की लोक काय म्हणतील ही भीती जरा सैल पडते. म्हणून आज सगळं लिहिते आहे. वाचणाऱ्याने मला नावं ठेवली तरी माझी तक्रार नाही.

पिंपरीला तेव्हा कारखान्यांच्या भिंती नुकत्याच कुठे वर येत होत्या. एका बाजूला निर्वासितांची छावणी, दुसऱ्या बाजूला शेतं, आणि मधे आमचं पत्र्याच्या छपराचं उपासनेचं घर. त्याच्याच ओट्यावर मंडळीची शाळा भरे आणि तिथे मी शिकवत असे. लोक मला मास्तरीणबाई म्हणत. मोजमापाचं, यादीचं, वाटपाचं कुठलंही काम निघालं की ते आपोआप माझ्याकडे येई, कारण माझ्या हातून चूक होत नाही अशी माझी ख्याती होती. मला तिचा भारी अभिमान होता. प्रार्थनेचंही माझ्याकडे तसंच झालं होतं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने, शाळेत हजेरी घ्यावी तशी मी देवापुढे नावं वाचत असे. पलीकडून कुणी ‘हजर’ म्हणतं की नाही, इकडे लक्ष देणं मी कधी सोडलं ते मला सांगता येणार नाही. आतून मी कोरडी पडले होते, आणि ते कुणाला कळू नये म्हणून कामाला जास्तच जुंपून घेत होते.

त्या वर्षी नगरकडे पावसाने पाठ फिरवली होती. तिकडची माणसं बायकापोरांसह खडी फोडायला आमच्या बाजूला आली होती. मोशीच्या पुढे, इंद्रायणीच्या अलीकडे एका दगडखाणीपाशी त्यांची एक पालवस्ती होती आणि चाकण ओलांडून खेडच्या अंगाला दुसरी. दोन्हीकडे गहू, कांबळी आणि दुधाची भुकटी पोचवायची असं मंडळीने ठरवलं. गहू आमच्या बायकांच्या मुठीचा होता. रोज दळण काढताना एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची आणि महिन्याअखेर ते मडकं देवाच्या घरी रिकामं करायचं, अशी आमच्यात रीत. भुकटी परदेशातून मिशनमार्फत आली होती, पुठ्ठ्याच्या उंच पिंपांतून. तिच्याबरोबर उवांच्या औषधाचाही एक डबा आला होता. तीही पांढरी भुकटीच. ती डोक्यात चोळायची, दोन दिवसांनी केस धुवून टाकायचे. पोटात गेली तर विष.

तो डबा माझ्या मनात भरला. जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, वर उचलायला कडी. आमच्या घरी रॉकेलला धड भांडं नव्हतं. चीर गेलेल्या बाटलीतून ते ठिबके आणि माझे यजमान कामावरून आले की रोज त्या वासावरून कुरकुर करत. डब्यावर कवटी आणि दोन हाडं छापलेली होती, ती मला दिसली नाहीत असं नाही. पण मला कडी जास्त दिसली. गुरुवारी दुपारी, कोठीच्या खोलीत कुणी नाही असं पाहून मी ते औषध दुधाच्या एका रिकाम्या पिंपात ओतलं, खूण म्हणून त्याच्या झाकणाला तांबडी चिंधी बांधली आणि डबा पदराआड धरून घरी नेला. विचारलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं. मी विचारलं नाही.

शुक्रवारी स्त्रियांचं मंडळ ओट्यावर पुड्या बांधायला बसलं. वर्तमानपत्राच्या कागदाच्या मोठाल्या पुड्या, सुतळीने आवळलेल्या. भजनं चालली होती, पिंपं उघडी होती, झाकणं एका बाजूला पडली होती. खूण मी झाकणावर केली होती, पिंपावर नाही. मधेच वारा सुटला तशी कुणीतरी सगळी पिंपं झाकून टाकली आणि तो पडल्यावर पुन्हा उघडली. मला सर्दी झालेली, नाक चोंदलेलं. दिवेलागण होत आली आणि घरी चुली पेटवायच्या म्हणून बायका एकेक उठून गेल्या, तेव्हा शेवटच्या पुड्या मी एकटीने भरल्या. सुतळी संपली म्हणून अगदी अखेरची पुडी शिवणाच्या काळ्या दोऱ्याने बांधली. मग आवराआवरीला मागे राहिलेल्या चारदोन जणींनी आणि मी पुड्यांच्या पेटीवर हात ठेवून प्रार्थना केली. चिंधीच्या झाकणाचं पिंप आणि पुड्यांची पेटी दुसऱ्या दिवसासाठी एकाशेजारी एक लावून ठेवली.

शनिवारी सकाळी भाड्याची लॉरी आली. पाळकसाहेब, मी, आमच्या मंडळीतल्या सगुणाबाई आणि चढउतार करायला दोन पुरुष, असे आम्ही निघालो. सगुणाबाई वयाने माझ्याहून मोठ्या, विधवा, आणि जिभेने तिखट. मोशीच्या वस्तीवर पोचलो तेव्हा बायका हातातली हातोडी तशीच घेऊन रांगेला आल्या. माझ्या यादीत एकतीस घरं होती, प्रत्येक घरापुढे कारभाऱ्याचं नाव. नाव पुकारायचं, त्याच्या बायकोच्या ओटीत गहू घालायचा, एक पुडी द्यायची, भुकटी उकळलेल्या पाण्यात कशी कालवायची ते सांगायचं. शेवटी भरलेल्या पुड्या पेटीत वरती होत्या, म्हणून त्याच आधी वाटल्या गेल्या. रांगेच्या शेवटी एक पोरसवदा बाई होती. कडेला चारपाच महिन्यांचं मूल, रडायचंही त्राण नसलेलं. “अंगावर दूधच न्हाई, बाई,” एवढंच म्हणाली. तिला तिची पुडी दिली, पण माझं मन भरेना. ती काळ्या दोऱ्याची पुडी मी बाजूला ठेवली होती. लॉरीत चढताना मी तिला खूण करून मागे बोलावलं, ती पुडी तिच्या पदराखाली सरकवली आणि म्हटलं, “कुणाला सांगू नकोस.” नियम मोडून केलेल्या दयेला एक निराळीच गोडी असते. चाकणच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी स्वतःवर अगदी खूश होते.

लॉरीने आम्हांला दुसऱ्या वस्तीवर उतरवलं आणि ती दुसऱ्या भाड्याला निघून गेली. सूर्य मावळायच्या सुमाराला परत यायची होती. माझा शिरस्ता असा की आधी मुलांची डोकी साफ करायची, मग दूध वाटायचं; मोशीला बायकांना खाणीवर परतायची घाई होती, म्हणून तेवढं राहिलं होतं. एका दगडावर बसून मी चिंधीचं झाकण काढलं आणि सातआठ वर्षांच्या एका पोरीच्या केसांत भुकटी चोळू लागले. ती घामाने ओली होती. भुकटी तिच्या कपाळावरून ओठांवर उतरली. मी तोंड पुसायच्या आत तिने जीभ फिरवली आणि खुदकन हसली.

“बाई, ग्वाड लागतंय की!”

बाकीची पोरं हसली. मीही एक कण जिभेवर ठेवला. दूध होतं. क्षणभर मला काही अर्थच लागेना, आणि मग एकदम सगळाच लागला. ह्या पिंपात दूध आहे, तर औषध कुठे आहे? वाऱ्यात झाकणं बदलली गेली होती, औषध पुड्यांत होतं. मी स्वतःच्या हाताने, मापाने, कागद नीट मुडपून ते पुड्यांत बांधलं होतं. वरच्या पुड्यांत. मोशीच्या पुड्यांत.

यानंतर मी जे केलं ते लिहिताना हात जड होतो. मी झाकण लावलं. पाळकसाहेबांना म्हणाले, “औषध दमट झालंय, आज राहू द्या.” ते बरं म्हणाले आणि कांबळी मोजू लागले. मी वस्तीच्या आडापाशी जाऊन हात धूत उभी राहिले. मनात एकच घोळत होतं, हे कुणाला कळलं तर डबाही कळेल. खडी फोडणाऱ्या बायका सूर्य मावळल्याशिवाय पालावर जात नाहीत, तोवर कुणी चूल पेटवणार नाही, तोवर काहीतरी सुचेल, असं मी स्वतःला समजावत होते. इथून मोशी कोसांवर, हाताशी वाहन नाही, मग आत्ता बोलून तरी उपयोग काय? सबब शोधणाऱ्याला सबबींचा दुष्काळ कधी पडत नाही. एक हंडा भरायला लागतो तेवढा वेळ मी तिथे गप्प उभी होते. तेवढ्या वेळाचा जाब मला एक दिवस द्यावा लागणार आहे.

प्रार्थना करायला गेले तर शब्दच आठवेनात. माझी रोजची सगळी नावं, सगळा क्रम नाहीसा झाला होता. एवढंच तोंडात आलं, “देवा, मला काही करता येत नाही.” हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा खरं म्हणून उच्चारलं असेन.

“बाई, जरा पानी मिळंल का? गाडी तापलीय,” माझ्या मागून कुणीतरी म्हणालं. हातात पत्र्याची बादली घेतलेला, दाढी पांढरी व्हायला लागलेला एक माणूस उभा होता. त्याच्या मागे रस्त्याच्या कडेला कांद्याच्या गोणींनी भरलेली लॉरी धूर सोडत उभी होती. तोंड पुण्याकडे होतं. वाटेत मोशी लागणार होती.

त्याला मी दूत म्हणत नाही. तो इंजिनात घालायला पाणी मागत होता. पण जायला वाहन दारात येऊन उभं राहिलं आणि माझ्या सगळ्या सबबी एका क्षणात संपल्या, हे मात्र खरं आहे. मी तशीच पाळकसाहेबांकडे धावले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की पुड्यांत विष गेलंय, चूक माझी आहे. डब्याचंही सांगितलं, पण ते रडण्यात इतकं बुडालं की त्यांना कळलं नसावं. पाळकसाहेबांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. पुड्यांच्या पेटीवर स्वतः बसले आणि म्हणाले, “इथली एकही पुडी जाणार नाही. तुम्ही निघा.” सगुणाबाईंनी माझा दंड धरला आणि लॉरीकडे ओढत नेलं. “रडू नका बाई. रडायला उद्याचा अख्खा दिवस पडलाय.”

लॉरीवाल्याचं नाव हमीदभाई. सगुणाबाईंनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्याने पाणी ओतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, “या अल्ला. बसा, बसा. माझ्याबी घरात तान्हं हाय.” इंजिन अजून निवलं नव्हतं. एरवी तो अर्धा तास थांबला असता, असं त्यानेच नंतर सांगितलं.

चाकणला बाजाराचा दिवस होता. गावाच्या तोंडाशीच कांद्याच्या बैलगाड्यांनी रस्ता बुजून गेला होता. माणसं, गोणी, सोडलेले बैल, कुणाचा कुणाला मेळ नाही. हमीदभाई भोंगा वाजवून वाजवून दमला. माझी नजर उन्हावर होती. गाड्यांच्या सावल्या लांब होत चालल्या होत्या आणि त्या प्रत्येक सावलीबरोबर मला खाणीतून परत निघालेल्या बायका दिसत होत्या. कुणी चूल पेटवतंय, कुणी पाणी उकळतंय, कुणी कागदाची पुडी सोडतंय. अखेर हमीदभाई खाली उतरला आणि एका गोणीवर चढून ओरडला, “भावांनो, पुढं लेकरांच्या पोटात विख जातंय, वाट सोडा!” तोवर मी बाजारातली माणसं कधी एका हाकेसरशी हललेली पाहिली नव्हती. कुणी कसलं विख, कुणाची लेकरं, विचारलंही नाही. लोकांनी बैलगाड्या खांद्याने रेटून बाजूला केल्या. एका म्हाताऱ्याने आपल्या कांद्याच्या ढिगावरून चाक जाऊ दिलं आणि वर हाताने पुढे जा, पुढे जा, असं केलं.

पुढच्या रस्त्यावर मी देवाशी घासाघीस केली. हेही लिहिते. डबा परत करीन, शाळा सोडीन, उपवास करीन, मला शिक्षा कर पण त्यांना नको. सगुणाबाई शेजारी पुटपुटत होत्या. मला वाटलं त्या स्तोत्र म्हणताहेत. कान दिला तर त्या म्हणत होत्या, “तुझीच लेकरं, तूच बघ. तुझीच लेकरं, तूच बघ.” तेवढंच, पुन्हा पुन्हा. माझी घासाघीस मग आपोआप थांबली. माझ्याकडे द्यायला काय होतं? मीही तेच म्हणू लागले.

इंद्रायणी ओलांडली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. वस्ती दिसली, आणि पालांवरून धूर वर चढताना दिसला. चुली पेटल्या होत्या. लॉरी पुरती थांबण्याआधीच मी उडी टाकली, गुडघा फुटला ते कळलंही नाही, आणि ओरडत सुटले, “दूध देऊ नका! कुणी दूध देऊ नका!”

बायका चुलींवरून उठून माझ्याकडे बघत राहिल्या. कुणाच्या हातात भाकरीचं पीठ, कुणाच्या हातात काटकी. दूध कुणाच्याच हातात नव्हतं. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई, अनशाबाई, काठी टेकत पुढे आली. तिला सगळे थोरली म्हणत.

“कुनाला न्हाई दिलं अजून,” ती म्हणाली. “मंगळवारी द्यायचं.”

तिने मला हाताला धरून आपल्या पालात नेलं. गाव सोडताना त्यांनी आपली देवी बरोबर आणली होती, एका टोपलीत घालून; तांब्याच्या पत्र्यावर उठवलेला छोटासा टाक. त्या टोपलीत, देवीच्या भोवती, आमच्या कागदी पुड्या रचून ठेवल्या होत्या. सुतळीची एक गाठही सुटली नव्हती.

“नवं दूध वस्तीवर आलं की आदी देवीचं,” थोरली म्हणाली. “गाय व्याली तरी आमी तसंच करतो. ही तर परमुलखातली गाय! तवा म्या म्हनलं, मंगळवारपत्तोर कुनी हात लावायचा न्हाई. तुमची लॉरी गेली आन् समद्या पुड्या हितं आनून ठेवल्या.”

सगुणाबाई मोठ्याने “स्तुती असो” म्हणाल्या. एरवी असल्या टोपलीपुढून मी मान फिरवून गेले असते. शाळेत मुलांना मी यावर धडेही दिले होते. त्या दिवशी मी त्या पुड्यांकडे नुसती बघत राहिले. आणि बघता बघता मला ती दुसरी पुडी आठवली. समद्या पुड्या म्हणजे यादीतल्या पुड्या. एक पुडी यादीत नव्हतीच. ती मी चोरून दिली होती, कुणाला सांगू नकोस असं बजावून दिली होती, आणि अगदी शेवटी भरलेली तीच होती.

“ती कुठे आहे?” मी विचारलं. “तान्हं मूल असलेली, रांगेत शेवटी होती ती?”

“कोन गं?” बायका एकमेकींना विचारू लागल्या. तान्ही मुलं चौघीपाचजणींना होती. मला तिचं नाव माहीत नव्हतं. माझ्या यादीत एकतीस पुरुषांची नावं होती आणि एकाही बाईचं नव्हतं. तिचा कारभारी कोण तेही मला आठवेना. मी कशीबशी तिची खूण सांगितली, हिरवं लुगडं, अंगावर दूध नसलेली. “ती व्हय, ती खाली वढ्याला गेलीया,” कुणीतरी म्हणालं, “पोराला घिऊन.”

मी ओढ्याकडे धावले. खडीवरून पाय निसटत होते. हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारू काय? “अगं ए! अगं ए बाई!” असं मी ओरडत होते आणि दगडावर आपटून माझाच आवाज मागे येत होता. वळणापलीकडे ती दिसली. पाण्याच्या काठाला मांडी घालून बसली होती. मूल मांडीवर, एका हातात दूध पाजायचं बोंडलं, आणि त्या बोंडल्यातून पांढरं पांढरं काहीतरी ती थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडत होती.

माझ्या तोंडून कसला आवाज निघाला ते मला माहीत नाही. मी तिच्या हाताला असा फटका मारला की बोंडलं पाण्यात पडलं. मूल दचकून रडू लागलं. ती माझ्याकडे भेदरून बघत होती.

“काय दिलंस? काय दिलंस त्याला?”

“पीठ कालवलंय, बाई,” ती म्हणाली. “जुंधळ्याच्या पिठाचं पानी. रोजच देती.”

“आणि पुडी? मी तुला दिलेली ती दुसरी पुडी?”

तिने मान खाली घातली. तिला वाटलं, तेवढ्यासाठी मी मारलं. “ती थोरलीला दिली,” ती हळूच म्हणाली. “रागवू नगा, बाई. तुमी सांगू नगं म्हनला हुता. पर मला ऱ्हावलं न्हाई. तुमची लॉरी नजरंआड झाली तशी जाऊन सांगितलं, माज्याकडं एक जास्तीची हाय. लपवून खाल्लेलं लेकराला पचत न्हाई.”

मी तिथेच, त्या ओल्या दगडांवर, तिच्या पायांशी बसले आणि हमसून हमसून रडले. लॉरी नजरेआड झाल्यावर एक क्षणही तिला धीर निघाला नव्हता. मी मात्र आडापाशी एक अख्खा हंडा भरेल इतका वेळ गप्प राहिले होते, आणि मास्तरीणबाई मी होते. तिने मुलाला खांद्यावर घेतलं, एक हात माझ्या पाठीवरून फिरवला आणि म्हणाली, “काय झालं, बाई? कोन गेलं का तुमचं?”

वर आलो तेव्हा सगुणाबाई टोपली पुढे घेऊन पुड्या मोजत होत्या. यादीप्रमाणे एकतीस हव्या होत्या, निघाल्या बत्तीस. हमीदभाईने बादलीत पाणी आणलं. एकेक पुडी सोडून चिमूट चिमूट वाटीतल्या पाण्यात टाकली. दूध विरघळून जाई. औषध तसंच वर तरंगत राही. सहा पुड्यांतली भुकटी तरंगली. सहावी काळ्या दोऱ्याची होती. खाणीतल्या पुरुषांनी ओढ्यापासून लांब, माळावर, पहारीने खोल खड्डा काढला आणि त्या सहा पुड्या, कागदासकट, त्यात पुरून वर दगड रचले. सगळं होईपर्यंत मी त्या बायकांना काय झालं होतं ते सांगितलं. त्या मला हाकलून देतील, दगड मारतील, अशी माझी तयारी होती. पण एकीने माझ्या गुडघ्यावर हळद दाबली.

थोरलीने मात्र मला एक विचारलं, आणि ते विचारणं मी जन्मभर विसरले नाही. ती म्हणाली, “बाई, द्यायच्या आदी तुमच्या देवाला दावलं हुतं का हे?”

हो म्हणायला माझी जीभ उचलली. आम्ही पेटीवर हात ठेवून प्रार्थना केली होती, चांगली लांब केली होती. पण डोळे मिटून मी त्या वेळी काय पाहत होते ते मला ठाऊक होतं. डबा घरी नेल्याचं यजमानांना काय सांगायचं, ते मी ठरवत होते.

“नाही,” मी म्हटलं. “दाखवलं नव्हतं.”

“मंग आता दावा,” ती म्हणाली, पोरीला चुलीवरचं उतरव म्हणावं तसं. “मंगळवार कशाला? तुमी येवढ्या पळत आलाया, आजच करू. आमीबी दावतो.”

तिने एका वाटीत दूध कालवून आपल्या देवीपुढे ठेवलं. मी त्या टाकापुढे हात जोडले नाहीत, आणि तिनेही तशी अपेक्षा केली नाही. पण त्या टोपलीसाठी मी माझ्या देवाचे आभार मानले, तिथे, सगळ्यांसमोर, आणि आजही मानते. यावर मला पुढे कुणी कुणी प्रश्न विचारले. त्याने लेकरं कुणाच्या हातून राखावीत, हे ठरवणारी मी कोण?

मी दुसऱ्या वाटीत दूध कालवलं, वर पाहिलं, आणि एवढंच म्हटलं, “हे तुझं. मीही तुझीच. माझ्या हातांचा मला भरवसा नाही.” त्या दिवसापासून माझी प्रार्थना साधारण एवढीच उरली आहे. मग सगळ्यांच्या देखत आधी मी स्वतः एक घोट प्यायले. थोरलीने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. त्यानंतर कुणालाही काही खायला द्यायची वेळ आली की आधी घास मी घेते. मंडळीतल्या नव्या मुली हसतात, बाईंना भारी भूक म्हणतात. हसू देत.

ती हिरव्या लुगड्याची बाई मुलाला घेऊन पुढे आली. ओढ्यात पडलेलं बोंडलं कुणीतरी काढून धुऊन आणलं होतं. मी त्यात दूध ओतलं, पण तिच्या हातात देताना थांबले. ती पुन्हा भेदरली. तिला वाटलं, आता हेही राहिलं.

“तुझं नाव काय?” मी विचारलं.

“गोजर,” ती म्हणाली, आणि हात पुढे केला.